वाचकांचे प्रश्न : कादंबरीला ‘प्रतिसाद’ लिहायचा म्हणजे काय?

प्रश्न : मी अकरावीत शिकते. आमच्या मराठीच्या बाईंनी दिवाळीच्या सुटीत कुमारवयीन मुलांच्या आयुष्यावरची एखादी कादंबरी वाचून तिच्यावर वैयक्तिक प्रतिसाद लिहून आणायला सांगितले होते. मी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ निवडली. आधी मी कथानक लिहिले, तेव्हा ‘हा सारांश झाला’ असा शेरा मिळाला. मग मला जे जे वाटले ते लिहिले, तर ‘यात कादंबरी कुठे आहे?’ असे बाईंनी विचारले. शिवाय वाचताना मला तिच्या नायकाचा, मुकुंदाचा, बऱ्याच ठिकाणी राग आला. ज्या पुस्तकाचे सगळे इतके कौतुक करतात, त्याविषयी असे लिहिलेले चालते का?
— एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : बाईंचे दोन शेरे तुला परस्परविरोधी वाटले असतील, पण दोन्हींमागची अपेक्षा एकच आहे. पहिल्या वेळी तुझ्या वहीत फक्त पुस्तक आले आणि दुसऱ्या वेळी फक्त तू आलीस. पुस्तकातील कोणत्या जागेने तुझ्या मनात नेमके काय केले, हे दोन्ही वेळा लिहायचे राहून गेले. लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकी अभ्यासक प्राध्यापिकेने १९३८ साली लिहिलेल्या पुस्तकात असे मांडले की साहित्यकृतीचा अर्थ वाचक आणि संहिता यांच्या देवाणघेवाणीतून आकाराला येतो. वाचकाचे वय, त्याचे घर, त्याचे अनुभव हे सारे वाचनात उतरते, असे त्या मानत. मात्र त्याच वेळी वाचकाने आपला प्रतिसाद पुन्हा पुस्तकाकडे नेऊन तपासला पाहिजे आणि मजकुराचा आधार नसेल तर तो बदलायची तयारी ठेवली पाहिजे, असाही त्यांचा आग्रह होता. बाईंच्या दुसऱ्या शेऱ्याचा रोख नेमका याच तपासणीकडे आहे.

आता रागाविषयी. माझ्या मते तुझ्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट हा रागच आहे, आणि प्रतिसादाची सुरुवात तू त्याच्यापासूनच करावीस. ‘शाळा’ २००४ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात आणीबाणीच्या काळातील नववीचे एक वर्ष आहे, हे तू वाचलेच आहेस. ती सगळी गोष्ट मुकुंद स्वतः सांगतो, त्यामुळे त्याला आवडणारी मुलगी, शिरोडकर, आपल्याला दिसते ती केवळ त्याच्या नजरेने. ती कोणत्या रस्त्याने गेली, तिने मागे वळून पाहिले की नाही, तिच्या एखाद्या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, याविषयीचे त्याचे अंदाज पानोपानी आहेत. तिला स्वतःला काय वाटत होते, ते मात्र आपल्याला त्या अंदाजांच्या फटींतून शोधावे लागते. आज सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने हे वाचावे आणि तिला संताप यावा, यात वावगे काहीच नाही.

पण राग आला एवढे लिहून थांबू नकोस, तो कोणाचा आला हे ठरव. मुकुंदाचा आला, की लेखकाचा, की ज्या काळात मुलीच्या मनाचा कोणी विचारच करत नसे त्या काळाचा? या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असल्या तरी त्यांची उत्तरे वेगळी निघतात. चौदा वर्षांच्या मुलाला जेवढे दिसते आणि कळते तेवढेच सांगायचे, असे लेखकाने ठरवलेले असेल, तर मुकुंदाचे अज्ञान हाच त्या कादंबरीचा विषय ठरतो. मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर पडणारी आणीबाणीसुद्धा त्याला अर्धीमुर्धीच उमगते, हे त्या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. हे सारे समजून घेतल्यावरही तुझा आक्षेप उरला, तर तो जरूर लिही, आणि ठामपणे लिही.

यासाठी एक साधे काम सुचवतो. शिरोडकर जिथे प्रत्यक्ष बोलते असा एखादा प्रसंग निवड. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारून डावीकडे तिची वाक्ये जशीच्या तशी उतरवून घे आणि प्रत्येक वाक्यासमोर उजवीकडे मुकुंदाने त्याचा काय अर्थ लावला, ते लिही. जिथे दोन्हींचा मेळ बसत नाही, त्या ओळीखाली खूण कर. अशा दोन-तीन खुणा मिळाल्या तरी तुझ्या प्रतिसादाला पुरे आहेत; त्या खुणांपाशी तुला काय आठवले, वर्गातला की घरातला कोणता प्रसंग डोळ्यांपुढे आला, हे तू लिहिशील तेव्हा ते आपोआप कादंबरीविषयीही असेल. संपूर्ण कथानक सांगण्याची गरज उरणार नाही, चार ओळींत संदर्भ दिला की झाले.

आणखी एक सुचवावेसे वाटते. जमल्यास प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’ वाच. त्या लंपनच्या कथा आहेत, कादंबरी नव्हे, पण तिथेही आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगाच आपली गोष्ट सांगतो, आणि त्याची मैत्रीण सुमी समोर आली की आपल्याला काय होते, हे त्यालाही धड सांगता येत नाही. लंपनचे हे न कळणे तुला लोभस वाटले आणि मुकुंदाचे खटकले, तर असे का झाले, याचा शोध घे. कदाचित दोघांच्या वयातील अंतर हे कारण असेल, कदाचित निवेदनाची भाषा असेल. हा शोधच दोन पाने भरून लिहिता येईल.

‘लेखकाने सुंदर शब्दांत चित्रण केले आहे’ हे वाक्य मात्र कृपा करून वहीत येऊ देऊ नकोस. अप्पा बळवंत चौकात रचून ठेवलेल्या गाइडांमधून ते पिढ्यान्‌पिढ्या उत्तरपत्रिकांमध्ये उतरत आले आहे आणि ते कोणत्याही पुस्तकाविषयी लिहिता येते. यातूनच वाचणाऱ्याच्या मनात काहीही हलले नाही, हे उघड होते. रसग्रहणाच्या गुणांसाठी मुलांना ही सवय आपणच लावली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रश्न : माझा सातवीतला मुलगा फास्टर फेणेची पुस्तके एकामागून एक वाचतो, पण कसे वाटले, असे विचारले की ‘भारी आहे’ यापलीकडे काही सांगत नाही. त्याला बोलते कसे करावे?
— एक पालक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : तो आवडीने वाचतो आहे, तेव्हा आपण निश्चिंत असावे. ‘कसे वाटले?’ हा प्रश्न मोठ्यांनाही अवघड जातो. त्याऐवजी पुस्तकातील एखादी नेमकी गोष्ट विचारावी. भा. रा. भागवतांचा बनेश, म्हणजेच फास्टर फेणे, फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत येतो आणि त्याच्या तोंडून वेळोवेळी ‘ट्टॉक’ असा आवाज निघतो, हे आपल्या मुलाला पाठ असेलच. तो आवाज बनेश नेमका केव्हा काढतो, भीती वाटली की युक्ती सुचली की आनंद झाला, असे विचारून पाहा. उत्तरासाठी त्याला पुस्तक पुन्हा उघडावे लागेल, आणि बहुधा तो आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी पान दाखवायला येईल. त्या वेळी आपण हातातले काम बाजूला ठेवून ते पान त्याच्यासोबत वाचावे. लिहून काढण्याचा आग्रह इतक्यात धरू नये.