एक नाला स्वतःचा धर

धुळे, 18 मे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नेमणुकीची बातमी कळली. आपल्याच खानदेशातल्या कॉलेजात, आणि तेही जलसंपदा अभियांत्रिकी शिकवायला मिळतंय, म्हणून आनंद दुप्पट झाला. पीएच.डी.नंतरचं संशोधन कुठून सुरू करू, तापी खोऱ्यावर स्वॅट हे पाण्याच्या हिशेबाचं संगणकी मॉडेल बसवू का, असं तू विचारलंस. जरूर बसव. पण त्याआधी कॉलेजपासून गाडीवर अर्ध्या तासात पोचता येईल असा एक नाला शोध आणि तो मोजायला लाग. यंदाच्या पहिल्या पावसापासून.

का ते सांगतो. पावसावरून अपधाव, म्हणजे नाल्यातून वाहून जाणारं पाणी, काढायचं दख्खनच्या पठारी भागासाठीचं इंग्लिसचं सूत्र तुला पाठ आहे. वार्षिक पावसाच्या सेंटीमीटरमधून 17.8 वजा करायचे, आलेल्या आकड्याला पावसानेच गुणायचं आणि 254 ने भागायचं. पहिल्या तासाला मुलांकडून हे फळ्यावर करून घे. पाऊस 60 सेंटीमीटर धरला तर अपधाव 10 सेंटीमीटर येतो. 45 धरला तर 5 सुद्धा भरत नाही. पाऊस पाव हिश्शाने कमी झाला आणि नाल्याचं पाणी निम्म्यावर आलं! आपल्याकडे पाऊस थोडा कमी झाला की धरणं एकदम रिकामी का दिसतात, ते मुलांना त्या दोन ओळींत कळतं. मग लगेच विचार, हे 17.8 आणि 254 आले कुठून? पश्चिम भारतातल्या नद्यांवर कुणीतरी वर्षानुवर्षं उभं राहून घेतलेल्या मोजमापांतून. तेव्हा नाल्यात सिमेंटचे बंधारे नव्हते, शेततळी नव्हती, शिरपूर पॅटर्नसारखं नाल्यांचं खोलीकरण नव्हतं. ते आकडे आजच्या तुझ्या नाल्याला लागू आहेत का, हे तिथे पट्टी घेऊन उभं राहिल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

आणि खानदेश एकजिनसी नाही, हे तुला मी सांगायला नको. यावल-रावेरकडे सातपुड्यातून उतरणारा नाला पायथ्याच्या गोट्या-रेतीच्या पट्ट्यात शिरतो आणि बघता बघता जिरून जातो. पुढे तापीकाठी गाळाचे खोल थर आहेत. साक्रीकडे मात्र थोडं खणलं की काळा खडक लागतो आणि पाणी राहतं ते भेगांमध्ये. दोन्हीकडे सारखाच पाऊस पडला, तरी हिशेब सारखा मांडता येत नाही. त्यामुळे ‘खानदेशचा अपधाव’ असं शीर्षक कुठल्याही पेपरला देऊ नकोस. नाल्याचं नाव दे.

माझ्याकडून झालेली एक चूक तुला आधीच सांगून ठेवतो. संशोधनाच्या काळात साक्री तालुक्यातल्या 12 विहिरींची पातळी मी महिन्यातून एकदा मोजत असे. पहाटे निघायचो, सकाळी सातपर्यंत बहुतेक विहिरी उरकलेल्या असत. वक्तशीरपणाचा मला अभिमान होता. दीडेक वर्षाने एका विहिरीवर टेप सोडत होतो, तेव्हा काठावर बसलेले म्हातारे बाबा म्हणाले, “पानी आजून चढी ऱ्हायनं, भाऊ.” त्या भागात शेतीची वीज रात्रीची असे. पहाटेपर्यंत मोटर चालायची आणि मी पोचायचो तेव्हा खडकातल्या भेगांमधून विहीर हळूहळू भरत असायची. मी तिथेच थांबलो. दर पंधरा मिनिटांनी टेप सोडत गेलो. दुपारपर्यंत पाणी हातभर वर आलं होतं. दीड वर्षाचे आकडे स्थिर पातळीचे म्हणून वहीत लिहिले होते, ते सगळे उपशानंतरचे निघाले. त्यातलं काही वापरता आलं नाही. तेव्हापासून वहीत एक जादा रकाना आखला: मोटर शेवटची कधी बंद झाली आणि ते कुणी सांगितलं. तुझ्या वहीतही तो रकाना हवा.

नाल्यावर सोपी सुरुवात कर. उन्हाळी धारेसाठी 90 अंशांचा व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच पाडलेला आडवा पत्रा, पुरतो. वर्कशॉपमध्ये पत्रा कापून घे, कड धारदार ठेव, कडेने माती नीट दाब, नाहीतर पाणी नॉचला वळसा घालून जातं. नॉचवर 10 सेंटीमीटर पाणी असलं तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर वाहतं. 11 झालं तर साडेपाचच्या वर. एका सेंटीमीटरच्या चुकीने पाव हिस्सा इकडचा तिकडे. म्हणून पातळी वाचायची गेजपट्टी नॉचला खेटून लावू नकोस. तिथे पाण्याची पातळी खाली झुकलेली असते. जरा मागे, संथ पाण्यात लाव. मुलांना हे वर्गात सांगून पटत नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून दोघांनी दोन वेगळे आकडे वाचले की पटतं.

पावसाळ्यात मात्र पुराच्या पाण्यात कुणालाही उतरू देऊ नकोस. पुराची खूण नंतर झुडपांत अडकलेल्या काडीकचऱ्यावरून घेता येते.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना एकदा पांझरा नदीकाठी फड, म्हणजे एका पाटावर गावाने मिळून भिजवायचे शेतांचे गट, बघायला ने. नदीत ठेंगणा दगडी बंधारा, तिथून निघणारा पाट, पुढे चाऱ्या, आणि पाटकऱ्याच्या हाताने फिरणारं पाणी. शेकडो वर्षांची ही पद्धत. तिथे मुलांना एकच प्रश्न घाल: यंदा नदीला निम्मंच पाणी आहे, तर कोरडं कुणी राहायचं? ती लगेच कालव्याचा विसर्ग काढायला बसतील. काढू दे. मग सांग की फडात ते आधीच ठरलेलं असे. कुठल्या फडाला पाणी द्यायचं ते गाव बसून ठरवायचं, आणि एकाच शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असल्याने तूट सगळ्यांत वाटली जायची. समन्यायी वाटपाचा इतका नेमका धडा मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळाला नाही. विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा सुरुवातीच्या कामांत त्यांनी याच पांझरेच्या एका पाटासाठी पाइपाचं सायफन बांधलं होतं. तेही मुलांना सांग. तेव्हा ते त्यांच्याहून थोडेसेच मोठे होते.

आठवड्याला 16 तास शिकवणं, वर परीक्षा, समित्या, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली. वेळ मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. पेपर किती झाले असंही दरवर्षी विचारलं जाईल. मॉडेलवरचे पेपर लिहीत राहा, बढतीला ते लागतात. पण नाल्याची वही रविवारी का होईना, चालू ठेव. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवर निष्कर्ष काढायची घाई करू नकोस. एखादं दुष्काळी वर्ष आणि एखादं पुराचं वर्ष वहीत आलं की मग तुझं मॉडेल त्या आकड्यांवर तपासून बघ. शेजारच्या शाळेतल्या गुरुजींना विचारून अंगणात एक पर्जन्यमापक बसव, रोज सकाळी साडेआठला मुलं वाचतील. तारीख, वेळ आणि वाचणाऱ्याचं नाव पेनने लिहायचं. चुकलं तर एक रेघ मारायची, खोडरबर वापरायचा नाही.

माझ्याकडे विहिरीत सोडायची टेप आहे, पाण्याचा वेग मोजायचा जुना करंटमीटर आहे. त्याचं बेअरिंग साफ करून ठेवलंय, पण कॅलिब्रेशन पुन्हा करून घ्यावं लागेल. जूनच्या आधी एखाद्या रविवारी गाडी घेऊन ये. नाला निवडायला मी बरोबर येतो. येताना तालुक्याचा टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा नकाशा, आण.

तुझा,
सर