जुनी मोटरबोट घेतली, सुरक्षेचं सामान सोबतच मिळालं. तपासणीला तेवढं पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की बोट 18 फुटी आहे, पेट्रोल इंजिन आत बसवलेलं आहे आणि आधीच्या मालकाने सीटखालची एक पेटी दाखवून "सेफ्टीचं सगळं यात आहे" असं सांगितलं. माझ्या पहिल्या बोटीबरोबर मलाही अशीच पेटी मिळाली होती. तपासणीला आलेल्या गृहस्थांनी पेटीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "एक लाइफ जॅकेट काढून द्या." पेटीवर नांगराची दोरी, दोरीवर दोन बॅगा, आणि आत जॅकेटं कंपनीच्या पिशवीत जशीच्या तशी सीलबंद. पिशवी दातांनी फाडेपर्यंत त्यांनी वहीत लिहूनही टाकलं होतं.

यादीतली वस्तू बोटीवर नाही म्हणून फार थोडे लोक अडकतात. वस्तू असते, पण तिची तारीख उलटलेली असते, माप चुकलेलं असतं, नाहीतर ती हाताला लागत नाही.

देश तुम्ही सांगितलेला नाही. यादी देशागणिक बदलते, त्यामुळे नेमकी यादी तुमच्या नोंदणी कार्यालयातून घ्या. मी अमेरिकन कोस्ट गार्डचे आकडे देतो, कारण माझा सराव त्यांचाच आहे.

तिथे बोटीवर जितकी माणसं तितकी मान्यताप्राप्त लाइफ जॅकेटं लागतात, आणि ज्याला घालायचंय त्याच्या मापाची. मोठ्यांची चार जॅकेटं आणि बोटीत दोन मुलं, हा हिशेब चालत नाही. बोट चालू असताना 13 वर्षांखालच्या मुलांनी जॅकेट घातलेलंच असलं पाहिजे, केबिनमध्ये असतील तरच सूट. शिवाय 16 फूट किंवा त्याहून लांब बोटीवर पाण्यात फेकायची एक रिंग किंवा गादी लागते. ती लगेच उचलता आली पाहिजे. दोरीने गाठी मारून बांधलेली रिंग ही शोभेची वस्तू.

अग्निशामक उलटा करून तळ बघा. कोरलेलं वर्ष दिसेल. पुन्हा न भरता येणारा सिलिंडर तयार झाल्यापासून 12 वर्षांनी बाद होतो, काटा हिरव्यात असला तरी. हा नियम 20 एप्रिल 2022 पासून लागू आहे आणि जुन्या बोटी त्यातच सापडतात. आणखी एक, नियमात नसलेलं: अग्निशामक इंजिनाच्या झाकणाशेजारी लावू नका. आग तिथेच लागणार आणि तुम्हाला आगीतून हात घालावा लागणार.

फ्लेअर, म्हणजे संकटात मदत मागायला पेटवायची नळकांडी, त्यांचं आयुष्य साधारण 42 महिने. तारीख छापलेली असते, वाचा आणि बदला.

तुमच्या बोटीत मला खरी काळजी वाटते ती इंजिनाची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. गाडीत ती खाली निघून जाते, बोटीत मात्र तळाशी बिल्जमध्ये साचून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते. म्हणून आतल्या पेट्रोल इंजिनाला कार्ब्युरेटरवर फ्लेम अरेस्टर (इंजिनातली ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) सक्तीचा आहे आणि ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, चालू स्थितीत लागतो. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर किमान 4 मिनिटं चालवा, तरी झाकण उघडून स्वतःच्या नाकाने वास घ्याच. आणि आधीच्या मालकाने पैसे वाचवायला गाडीचा स्टार्टर किंवा अल्टरनेटर बसवलाय का, हे मेकॅनिककडून बघून घ्या. दिसायला सारखेच असतात, पण बोटीचे भाग ठिणगी बाहेर पडू नये असे बंदिस्त बनवलेले असतात. ही भानगड वरवरच्या तपासणीत सापडेलच असं नाही.

किल स्विचची दोरीही बघा. ती चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवायची असते. तो पाण्यात पडला तर दोरी ओढली जाऊन इंजिन बंद पडतं; नाहीतर रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. 26 फुटांखालच्या बोटींवर ती वेग घेताना लावणं 1 एप्रिल 2021 पासून बंधनकारक आहे. जुन्या बोटीला स्विच असतो, दोरी हरवलेली असते.

दिवे आणि भोंगा तपासायला दोन मिनिटं पुरतात: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, आणि चहूबाजूंनी दिसणारा पांढरा. पांढरा दिवा उभ्या माणसाच्या डोक्याआड जातो का, एवढं अंधार पडल्यावर लांबून बघा.

तपासणीत काही कमी निघालं तर दंड होतो का, हेही तुम्ही विचारलंत. अमेरिकेत तपासण्या दोन प्रकारच्या. कोस्ट गार्ड पाण्यात कधीही थांबवू शकतं, संशय असण्याची गरज नाही, आणि तिथे दंड होतो. दुसरी ऐच्छिक: कोस्ट गार्ड ऑक्झिलरीचे स्वयंसेवक फुकट येतात, दंड करत नाहीत, कमी काय ते सांगतात आणि पास झालात तर त्या वर्षाचं स्टिकर देतात. तुमच्याकडे अशी सोय असेल तर बोट पाण्यात उतरवण्याआधीच बोलवा.

नोंदणीचा क्रमांकही विसरू नका. किमान 3 इंच उंच अक्षरं, बोटीच्या रंगावर उठून दिसतील अशी. दुसऱ्या वेळी माझं बाकी सगळं पास झालं आणि निळ्या बोटीवर काळे आकडे म्हणून परत यावं लागलं.