वाचकांचे प्रश्न : चीनचा निवास परवाना, बंद सीमा आणि अडकलेले पैसे

प्रश्न : मी फोशानला टाइल्सच्या कारखान्यात दर्जा तपासणीचे काम करत होतो. जानेवारी 2020 मध्ये चिनी नववर्षाच्या सुट्टीत नागपूरला आलो आणि इथेच अडकलो. ऑगस्टमध्ये निवास परवाना संपला, पुढे नोकरीही गेली. मधल्या काळात पासपोर्टही नवा काढला. आता त्याच कंपनीने परत बोलावले आहे. जुना परवाना पुन्हा चालू होईल का? तिथल्या बँकेतले पैसे आणि पेन्शनची कपात यांचे काय? – एक वाचक, मनीषनगर

उत्तर : परवाना पुन्हा चालू होणार नाही, सगळे नव्याने करावे लागेल. निवास परवाना म्हणजे पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला कागद. त्याचे नूतनीकरण चीनमध्ये राहूनच, तिथल्या पोलिसांच्या प्रवेश-निर्गमन कार्यालयात, मुदत संपण्याच्या 30 दिवस आधी अर्ज करून होते. कोविडमुळे 28 मार्च 2020 पासून चीनने चालू परवाना असलेल्या परदेशी माणसांनाही आत घेणे बंद केले, पण परवान्यावरची तारीख काही थांबली नाही. आत गेल्याशिवाय नूतनीकरण नाही आणि आत तर जाता येत नाही, अशा कात्रीत हजारो परवाने संपले.

28 सप्टेंबर 2020 ला दार थोडे उघडले. मार्चच्या बंदीनंतर ज्यांचे परवाने संपले होते, त्यांनाही जुना परवाना दाखवून नवा व्हिसा मागता येत होता. पण 5 नोव्हेंबरला भारतातून जाणाऱ्यांसाठी ते पुन्हा लागले. सहा आठवडेसुद्धा मिळाले नाहीत, त्यातही विमाने जवळपास नव्हतीच. मार्च 2021 मध्ये चिनी लस घेतलेल्यांना व्हिसात सवलत जाहीर झाली, पण ती लस भारतात मिळत नव्हती. कामासाठी जाणाऱ्या भारतीयांचे अर्ज थेट जून 2022 मध्ये सुरू झाले. तेव्हा आपणच काही वेळेत केले नाही, असे मनाला लावून घेऊ नका. करण्यासारखे फार काही तुमच्या हातात नव्हतेच.

आता क्रम असा. आधी कंपनी तिथे तुमच्या नावाने कामाच्या परवान्याची सूचना काढते. तिच्या आधारे मुंबईच्या चिनी व्हिसा केंद्रात झेड व्हिसाचा, म्हणजे कामाच्या व्हिसाचा, अर्ज करायचा. चीनमध्ये उतरल्यावर 24 तासांत राहत्या जागेच्या पोलीस ठाण्यात नोंद करायची (हॉटेलात उतरलात तर हॉटेलच ती करते) आणि 30 दिवसांत निवास परवान्याचा अर्ज द्यायचा. मुदत उलटली तर दिवसाला 500 युआन, जास्तीत जास्त 10,000 युआन दंड होऊ शकतो.

जास्तीत जास्त अर्ज अडतात ते कागदांच्या साक्षांकनात. नोव्हेंबर 2023 मध्ये चीन अपोस्टिल करारात (एका शिक्क्यावर कागद दुसऱ्या सदस्य देशात चालण्याचा करार) आला, पण भारताने हरकत नोंदवल्यामुळे तो करार या दोन देशांमध्ये लागू झाला नाही. काही एजंट तरीही पदवीवर अपोस्टिलचा स्टिकर लावून देतात. त्याचा इथे उपयोग नाही. पदवीचा रस्ता जुनाच आहे : आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी वाणिज्य दूतावास. पोलीस क्लिअरन्स नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयातून काढा, अर्जात देश चीनच लिहा आणि तो अगदी शेवटी काढा, कारण शिळा झाला की कुणी घेत नाही.

आणखी एक गोष्ट आताच बघा. पदवीवर बहुधा आडनाव आधी, मग तुमचे नाव, मग वडिलांचे असते. चिनी कार्यालये मात्र पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली ज्या दोन ओळी असतात, त्यांतले नाव धरतात. कंपनीने अर्जात वडिलांचे नाव गाळले आणि बँकेत ते लागलेले असले, तर तुम्ही त्यांच्या लेखी दोन वेगळी माणसे होता. पासपोर्टच्या त्या पानाचा फोटो पाठवा आणि अक्षरन् अक्षर तसेच भरायला सांगा.

बँकेचे. खाते जुन्या पासपोर्टच्या क्रमांकावर आहे. कोपरा कापून रद्द केलेला तो पासपोर्ट फेकू नका, नव्यासोबत टाचून ठेवा. नव्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर जुन्याचा क्रमांक छापलेला असतो, बँकेच्या काउंटरवर तोच तुमचा पुरावा. पण त्याआधी मोबाइल क्रमांक. रिचार्ज बंद पडलेले सिम कंपनी काढून घेते आणि तो क्रमांक दुसऱ्याला देते. मग वीचॅट, अलिपे (तिथली चॅटची आणि पैसे देण्याची अ‍ॅप) आणि बँकेचे कोड त्या दुसऱ्याच्या फोनवर जातात. म्हणून आधी नव्या पासपोर्टवर सिम, मग बँकेत पासपोर्ट आणि क्रमांक दोन्ही बदलणे, मग अ‍ॅप. उलट क्रमाने गेलात तर अ‍ॅप कुलूपबंद होते. पगाराचे पैसे भारतात पाठवायला बँक नोकरीचा करार आणि कर भरल्याचा दाखला मागते. जुन्या कंपनीकडून 2019 आणि 2020 चे दोन्ही कागद याच वेळी मागून घ्या.

पेन्शनमध्ये तुमच्या पगारातून कापलेले 8 टक्के तुमच्या वैयक्तिक खात्यात आहेत. परदेशी माणसाला देश सोडताना लेखी अर्ज करून ती रक्कम एकरकमी काढता येते, मालकाचा वाटा मात्र मिळत नाही. काढली नसेल तर खाते तसेच राहते आणि पुन्हा कामाला लागल्यावर जुनी वर्षे जोडली जातात. तुम्ही परत जात आहात, तेव्हा काढू नका.

प्रश्न : मुलीने सप्टेंबर 2018 मध्ये चीनमध्ये एमबीबीएसला प्रवेश घेतला. 2020 ते 2022 वर्ग ऑनलाइन झाले, नोव्हेंबर 2022 मध्ये ती परत गेली आणि 2024 मध्ये पदवी घेतली. परदेशी पदवीधरांसाठीची इथली स्क्रीनिंग परीक्षाही पास झाली. तिच्या मैत्रिणीला दोन वर्षांची इंटर्नशिप करावी लागली. हिलाही तेवढीच लागेल का? – एक आई, खामला

उत्तर : मैत्रिणीवरून ठरवू नका. जे शेवटच्या वर्षात भारतात परतले आणि ज्यांची पदवी 30 जून 2022 पर्यंत पूर्ण झाली, त्यांच्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 28 जुलै 2022 ला वेगळी योजना आणली. त्यांनी रुग्णालयातले प्रशिक्षण प्रत्यक्ष घेतलेच नव्हते, म्हणून एकाऐवजी दोन वर्षे. तुमची मुलगी परत जाऊन शिकली आहे. जून 2024 च्या स्पष्टीकरणानुसार, ऑनलाइन वर्गांची भरपाई प्रत्यक्ष वर्गांनी पुरेशी केली असेल तर एका वर्षाची इंटर्नशिप पुरते. ‘पुरेशी’ या शब्दावरच सगळे अडते.

विद्यापीठे बहुधा एका परिच्छेदाचे पत्र देतात : ‘सर्व वर्गांची भरपाई झाली आहे.’ एवढ्याने भागत नाही. सत्रवार तारखा, विषय, तास आणि प्रत्यक्ष प्रशिक्षण झालेल्या रुग्णालयाचे नाव असलेले पत्र मागा. सोबत पासपोर्टवरच्या प्रवेश-निर्गमनाच्या सगळ्या शिक्क्यांच्या प्रती लावा. पत्रातल्या तारखा शिक्क्यांशी जुळल्या पाहिजेत. एका सत्राची सुरुवात मुलगी चीनमध्ये पोचण्याच्या आधीची दिसली, तर सगळ्या पत्रावरच शंका येते. परदेशी वैद्यकीय पदवीबाबतचे 18 नोव्हेंबर 2021 चे नवे नियम तिला लागू नाहीत, कारण प्रवेश त्याआधीचा आहे. अर्जात प्रवेशाची तारीख ठळक लिहा.

प्रश्न : मुलगा-सून चीनमध्ये यिवूला असतात. सीमा बंद असताना मुलाला येता आले नाही आणि वर्धा रोडच्या फ्लॅटचा व्यवहार फिसकटला. आता सुनेचे दिवस भरत आले आहेत. पुन्हा तसे झाले तर म्हणून काय तयारी ठेवावी? – एक वाचक, सोमलवाडा

उत्तर : आधी बाळ. आई-वडील दोघे भारतीय असले की चीनमध्ये जन्मलेले बाळ चिनी नागरिक होत नाही. जन्मापासून 60 दिवसांत त्याच्या वास्तव्याची नोंद स्थानिक प्रवेश-निर्गमन कार्यालयात करावी लागते आणि त्यासाठी त्याचा स्वतःचा पासपोर्ट हवा. तो शांघायच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून निघतो, कारण यिवू चच्यांग प्रांतात येते. जन्मदाखला रुग्णालय देते. त्यावरची आई-वडिलांची नावे पासपोर्टप्रमाणे आहेत ना, हे घरी सोडण्याआधीच तपासायला सांगा. नंतरची दुरुस्ती 60 दिवस खाऊन टाकते.

फ्लॅटसाठी मुलाने आताच, प्रवास सुरळीत असताना, मुखत्यारपत्र करून ठेवावे. नागपुरातल्या वकिलाकडून मसुदा घ्या, फ्लॅटचे पूर्ण वर्णन आणि विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहा, आणि सही त्याने शांघायच्या वाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोरच करावी. घरी सही करून पाठवलेला कागद चालत नाही. मूळ प्रत नागपूरला आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन मुद्रांक शुल्क भरा. हे तीन महिने कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून मोजतात, म्हणून कुरिअरचे पाकीट आणि पोच त्याच फाइलमध्ये ठेवा.