पळून पळून नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालंय, डॉक्टरांनी सहा आठवडे पळणं बंद केलंय. हे दिवस कसे काढायचे? दम सगळा जाईल का?

सहाच? मला आठ सांगितले होते, मी स्वतःच्या हाताने त्याचे चौदा केले.

मी साताऱ्याची. समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा घाट लागतो, तिथेच आमचा सराव. हिल मॅरेथॉनला तीन आठवडे राहिले आणि डावी नडगी दुखायला लागली. नडग्या भरून येतात तेव्हा दुखणं लांबीभर पसरतं. माझं रुपयाएवढ्या एकाच जागी, बोट ठेवलं की कळ. रात्री पडल्यावरही ठणकायचं. ग्रुपमध्ये एक ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात (कसले सर, देव जाणे). ते म्हणाले, "एक्सरे स्वच्छ आहे ना? मग दुखणं डोक्यात आहे. ललिता बाबर आपल्याच जिल्ह्याची, ती अशी बसली असती का?" अहो, ती २०१६ला रिओत स्टीपलचेसच्या फायनलला गेलेली पोरगी. मी सकाळचे डबे भरून पळणारी बाई!

एक्सरे स्वच्छच होता. असलं फ्रॅक्चर सुरुवातीला एक्सरेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयत दिसतं. पण सरांपुढे बोलणार कोण? पळले. चढ निभावला, उतारावर सतराव्या किलोमीटरला पाय टेकवेना. गाडीत घालून खाली आणलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, यंदा तरी दिवाळीचे लाडू घरचे होतील."

पहाटे साडेचारला जाग यायचीच. ओट्याशी चहा घेत घाटातल्या धुक्याचे फोटो बघायचे आणि रडायचं. तो ग्रुप आजच म्यूट करा. सहाव्या आठवड्यात चालताना दुखेना, तर सर म्हणाले, "दोनच किलोमीटर पळून बघ." बघितलं. पुन्हा पहिल्यापासून.

दमाचं म्हणाल तर दोन-तीन आठवड्यांनी थोडा उतरतो, पण परतही लवकर येतो. हाडाला वेळ लागतो, तिथे घाई चालत नाही. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पाठीला डबा बांधून खोल पाण्यात पळायचे. शाळेतली पोरं फिदीफिदी हसायची. हसू देत, पाण्यात हाडावर भार येत नाही.

हो, एक राहिलं. माझं फ्रॅक्चर नडगीच्या आतल्या बाजूला होतं. तुमचं पुढच्या बाजूला असेल तर ते चिवट असतं, सहा आठवड्यांचा हिशेब धरू नका, आणि पाण्यात उतरायचंही डॉक्टरांना विचारूनच. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, माझं कमी निघालं. बाई असाल आणि पाळी चुकत असेल तर तेही सांगा, लाजू नका.

आता मी पळते. पाय कसा आहे, हे सरांनी अजून विचारलेलं नाही. परवा त्यांनी ग्रुपवर 'नो एक्स्क्यूजेस' असं टाकलं. मी खाली माझा एमआरआय टाकला. अॅडमिनने काढून टाकला, पण तोवर एकवीस जणांनी बघितला होता.