जी. ए. कुलकर्णींच्या कथांची वेबसाइट काढायची आहे, पूर्ण कथा टाकता येतील का?

नाही, परवानगीशिवाय अजिबात नको. जी. ए. १९८७ मध्ये गेले. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर पुढची ६० वर्षं असतो, म्हणजे २०४७ संपेपर्यंत. रसग्रहणापुरता छोटा उतारा नावानिशी देता येतो.

खरी गरज सूचीची आहे. कुठली कथा कुठल्या संग्रहात, आधी कुठल्या मासिकात आली, हे एकत्र मिळायला हवं. तुम्ही नागपूरचे असाल, तर सीताबर्डीवर झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात जाऊन जुने अंक कुठे पाहता येतील ते विचारा. नोंदी युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता-शोधता येणाऱ्या अक्षरांत, टाईप करा. स्कॅन केलेल्या पानांचे फोटो शोधात सापडत नाहीत. सुरुवात ‘काजळमाया’पासून करा, मला तरी तोच संग्रह सगळ्यांत जवळचा वाटतो.