दानपेटीत टाकायचं पाकीट

प्रिय बाळा,

सलाम. तुझं पत्र मिळालं. तू पाठवलेल्या पेशंटांच्या कमिशनचं पाकीट लॅबवाला महिनाअखेरीस ठेवून जातो आणि ते पैसे चर्चच्या दानपेटीत टाकले तर चालेल का, असं तू विचारलंस. प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग जरा वाईट वाटलं.

कायद्याचं उत्तर सोपं आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायला आणि द्यायला, दोन्हीला मनाई आहे. पण तू मला कायदा विचारलेला नाहीस.

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायातला श्रीमंत जकातदार जक्कय बघ. अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायला निघाला, तरी ज्यांना लुबाडलं त्यांचे पैसे त्याने त्यात मिळवले नाहीत. ते चौपट करून त्यांचे त्यांना. जकातदारच तो, हिशेबाला पक्का! पाकिटातले पैसे तपासणीच्या बिलातून, म्हणजे पेशंटच्या खिशातून आलेत. ते दान करणारी तू कोण?

हे मी शहाणपणाने सांगत नाही. तुझ्या वयाचा असताना रात्रपाळीत एका बाईला मी पेनिसिलिन दिलं. केसपेपरच्या मागच्या पानावर सिस्टरने लाल शाईत 'पेनिसिलिन नको' लिहून ठेवलेलं; मी पान उलटलंच नव्हतं. अंगभर गांधी उठल्या, घसा सुजला. अॅड्रिनॅलिनने वाचली. नवऱ्याला म्हणालो, "कधी कधी औषध उठतं अंगावर." खोटं नव्हतं ते. म्हणूनच सोयीचं होतं. पुढे चार दिवस मी रोज गुडघे टेकून देवाजवळ कबुली देत होतो, आणि वॉर्डात गेलो की त्या माणसाची नजर चुकवत होतो. वेदीपाशी अर्पण ठेव आणि आधी दुखावलेल्या भावाकडे समेट करायला जा, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन लहानपणापासून तोंडपाठ होतं.

डिस्चार्जच्या दिवशी सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. बायकोला घेऊन गेला. त्या गावचे पेशंट नंतर दुसऱ्या दवाखान्यात जाऊ लागले. माझी तक्रार नाही.

लॅबवाल्याला सांग, माझ्या चिठ्ठीवर येणाऱ्याच्या बिलातून तेवढी रक्कम कमी कर. तो म्हणेल, मॅडम, रेट सगळ्यांना एकच आहे. मग दुसरी लॅब शोध. आधीची पाकिटं कोणाकोणाच्या तपासण्यांची, ते तुझ्या रजिस्टरमध्ये सापडेल.

तुझा,
सर