पोलिसांच्या जीपमधून जाऊ नकोस

प्रिय,

तुझे पत्र दोनदा वाचले. पारधी वस्त्यांवरच्या तुझ्या प्रबंधासाठी पोलीस खाते जीप, सोबतीला महिला शिपाई आणि ठाण्यातल्या नोंदी पाहण्याची मुभा देत आहे, मार्गदर्शकही ‘घेऊन टाक’ म्हणतात, आणि तरीही तुझा पाय अडतो आहे. अडू दे. पोलिसांच्या जीपमधून वस्तीवर जाऊ नकोस.

मी गेले होते. जीप पालांसमोर थांबताच तव्यावरची भाकरी तशीच टाकून पुरुष उसाच्या फडात पळाले. मागे राहिलेल्या म्हातारीने मी काही विचारण्याआधीच दोन्ही हात पुढे करून बोटे पसरली. ठसे घ्यायला आले आहेत, असे तिला वाटले. मी तिला मुलांविषयी विचारले. कोणत्या कारखान्याकडे तोडणीला गेली आहेत, ते तिने सांगितले, मी वहीत टिपले आणि माझ्या पाठीशी उभ्या असलेल्या हवालदाराने ऐकले. आठवड्याच्या आत तिचा धाकटा घरफोडीच्या संशयावरून उचलला गेला. जामीनदार मिळेना म्हणून तो सात महिने आत राहिला. माझा प्रबंध मात्र वेळेवर मान्य झाला.

इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि पोलिसांच्या हजेरीला बांधले. 1952 मध्ये तो रद्द झाला, पण 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि संशय आडनावाला चिकटलेलाच राहिला. विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या, जमातींतील लोकांना मनमानी अटक होऊ देऊ नका, हे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2024 मध्येही पोलिसांना बजावावे लागले. अशा वस्तीवर जीपमधून उतरणारी बाई संशोधक आहे, हे कोणी का मानावे?

निष्पक्षतेसाठी दोन्ही बाजू पाहायला हव्यात, असे तू लिहितेस. हे मला शिकवू नकोस. ठाण्यात जरूर जा, अंमलदारांशी बोल, बारा-बारा तासांची ड्यूटी करणाऱ्या शिपायाचेही ऐक. पण वेगळ्या दिवशी आणि स्वतःच्या पायांनी. नोंदी माहितीच्या अधिकारात माग. वस्तीवर एसटीने जा, आश्रमशाळेतल्या एखाद्या बाईंना सोबत घे आणि पहिले काही आठवडे वही पिशवीतच ठेव.

यात वेळ जातो. माझा दुसरा अभ्यास चार वर्षे लांबला, बढती हुकली, सहकारी मला हेकट म्हणत राहिले. तरीही मी त्यानंतर एकदाही जीपमध्ये बसले नाही, आणि त्यात माझे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

मुदतवाढीचा अर्ज आपण मिळून लिहू. आधी जीप नाकारल्याचे पत्र दे आणि त्याची प्रत मला पाठव.

तुझी,
बाई